श्रीगुरू अर्जनदेव

शिखांच्या गुरुद्वारात मूर्ती नसते. उच्चासनावर वस्त्रांत विराजमान असलेल्या ग्रंथापुढे भाविक मस्तक नमवितो. हा ग्रंथ सिद्ध करणारे पाचवे गुरू अर्जनदेव यांचा जन्म १५६३ साली पंजाबात गोइंदवाल येथे झाला. चौथे गुरू रामदास यांच्या तीन पुत्रांत ते सर्वांत धाकटे. १५८१ मध्ये पित्याने गुरुपद त्यांनाच दिले आणि ज्येष्ठ बंधू पृथीचंद कायमचे दुरावले. त्यांच्या पक्षाने नानकांच्या नाममुद्रेची निराळी पदे प्रचारात आणली, तेव्हा अस्सल वाणी कोणती, असा पेच भाविकांपुढे पडला.

गुरूंनी भावाशी कलह मांडला नाही. अमृतसरात रामसर सरोवराच्या काठी बसून त्यांनी वाणीचे संकलन आरंभिले. लेखणी भाई गुरदासांच्या हाती होती. १६०४ मध्ये हरिमंदिरात ग्रंथाची स्थापना झाली. त्यात गुरूंची स्वतःची पदे दोन हजारांहून अधिक आहेत. नित्यपाठातील ‘सुखमनी’ त्यांचीच. परंतु त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो तो निवडीत. विणकर कबीर, चर्मकार रविदास, मुसलमान शेख फरीद यांची वाणी त्यांनी गुरुवाणीच्या पंक्तीस बसविली. आपल्या नामदेव शिंप्याचीही साठांहून अधिक पदे तेथे आहेत; पंढरीचा वारकरी अमृतसरी नित्य गाइला जातो, हे किती मराठी घरांना ठाऊक असेल? गुरू स्वतः प्रपंची होते. संन्यास हा ईश्वरप्राप्तीचा अनिवार्य मार्ग या पंथाने कधी मानला नाही. स्थापनेनंतर ग्रंथ मंचकावर आणि गुरू जवळच भूमीवर निजत, अशी परंपरा आहे. पुढे १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले, त्याचे बीज येथेच दिसते.

१६०६ मध्ये राजपुत्र खुस्रोने बंड केले. गुरूंनी त्याला आशीर्वाद दिल्याचा ठपका ठेवून जहांगीर बादशहाने त्यांना देहदंड फर्माविला. तसे त्याने आत्मवृत्तात स्वतःच नोंदविले आहे. मोठा दंड भरावा आणि ग्रंथात फेरफार करावा, ही मागणी गुरूंनी धुडकावली, असे शीख परंपरा सांगते. ज्येष्ठाच्या कडक उन्हात, लाहोरास, तप्त तव्यावर बसवून त्यांच्या अंगावर तापलेली वाळू ओतण्यात आली. ग्रंथातील अक्षर हलले नाही. रावीच्या तीरी त्यांचा देह पडला.

दरवर्षी त्या दिवशी शीख लोक रस्तोरस्ती ‘छबील’ मांडतात आणि जातपात न विचारता येणाऱ्याजाणाऱ्यास थंड, गोड दूधपाणी पाजतात.