देवाच्या हाती सोपविलेली कन्या : पंडिता रमाबाई

कोणी पाहत असले म्हणजे नीट वागावयाचे आणि पाठ वळताच सैल पडावयाचे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. गुरुजी वर्गात असेपर्यंत शांतता आणि ते उंबऱ्याबाहेर पडताच गलबला, हा अनुभव आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु काही माणसे अशी होऊन गेली की, त्यांच्या आयुष्याच्या वर्गातून गुरुजी कधी बाहेर गेलेच नाहीत. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांनी क्षणभरही दूर होऊ दिली नाही. पंडिता रमाबाई या अशांपैकी एक होत.

रमाबाईंचा जन्म एप्रिल १८५८ मध्ये, आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर वैष्णव विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले आणि त्यापायी विद्वानांचा रोष पत्करला. पुढे मातेने तीच विद्या आपल्या धाकट्या कन्येला दिली. रमाबाई लहान असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. गावोगाव पुराणे सांगावी, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि पुढील तीर्थ गाठावे, असा त्यांचा क्रम होता. मागून खाणे किंवा मोलमजुरी करणे त्यांना ठाऊक नव्हते.

अशा स्थितीत दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडी विकली गेली, आणि अखेरीस झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांचा अंतकाळ जवळ आला. त्यांनी आपल्या लाडक्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे; तू त्याचीच आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. हा उपदेश करणारा पिता ख्रिस्ती नव्हता, ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते. रमाबाईंच्या पुढील सर्व निष्ठेचे बीज त्या मरणशय्येजवळ पडले. लवकरच आई गेली, थोरली बहीणही गेली. उरली ती रमाबाई आणि बंधू श्रीनिवास ही दोन भावंडे.

दोघे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. परंतु सन्मान दीर्घकाळ लाभावयाचा नव्हता. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीचे बंधन मोडून विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीला ओढून नेले. तेवीस वर्षांची ही विधवा मुलीला कडेवर घेऊन पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर यांची मागणी केली.

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू सिद्धीस गेला नाही. मात्र वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी तिरस्कार न करता मायेने सांभाळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याचे मूळ शोधता शोधता त्या येशू ख्रिस्ताच्या चरित्रापाशी येऊन थांबल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथून खरी कसोटी सुरू झाली. स्वदेशी अनेकांनी त्यांना दूषणे दिली. तिकडे वाँटेजच्या भगिनींना वाटले की, नव्या शिष्येने चर्चची सर्व मते मुकाट्याने मान्य करावी. रमाबाईंनी त्यांचे उपकार आदराने स्मरले. परंतु जे विवेकबुद्धीला पटले नाही ते पटले असे म्हणण्यास त्यांनी साफ नकार दिला. आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला. मुखाने एक आणि मनात दुसरे असे वागल्यास ईश्वरापुढे काय सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. तीच कठोरता त्यांनी स्वतःच्या बाबतीतही दाखविली. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणे कबूल केले. जगाने थोर म्हटलेल्या व्यक्तीने अशी कबुली द्यावी, याला धैर्य लागते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळीने विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत्या.

सदनात कोणावरही धर्माची सक्ती नसावी, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. न्यायाने पाहता पालकांची भीती समजण्याजोगी होती. विश्वासाने पाठविलेल्या लेकी आपल्या धर्मापासून दुरावतील, असे त्यांना वाटले. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, कोणाला बोलावणार नाही, पण आलेल्यास हाकलून दारही लावणार नाही. या वादाचा निर्णय वाचकांनी आपल्या बुद्धीने करावा. आम्हांस येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, दार लावल्याने संस्थेवरचे संकट टळले असते, हे ठाऊक असूनही त्यांनी दार लावले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना स्वतःची झाडपाल्यावर जगलेली मुलगी आठवली असेल. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींची सोय केडगाव येथे, सदनासाठी घेतलेल्या जमिनीवर करण्यात आली. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात आमच्या गुजरातेतील मुलींनाही तेथे आश्रय मिळाला. येथील वृद्ध माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, तोच हा. लवकरच आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. अंध, वृद्ध आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी निराळी सदने झाली. मुली विणकाम, शेती, गुरांची निगा आणि छापखान्यातील खिळेजुळणी शिकून आपल्या पायांवर उभ्या राहू लागल्या.

या साऱ्या व्यवहारात रमाबाईंची नजर दोन ठिकाणी असे, एक स्वर्गाकडे आणि दुसरी हिशेबाच्या वहीकडे. दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि झालेल्या कार्याचा वृत्तांत त्यांनी देणगीदारांपुढे ठेवला. देणगीची प्रत्येक कवडी त्यांना देवाची ठेव वाटे, म्हणून ती माणसांपुढे मोजून दाखविण्यास त्यांना संकोच नव्हता. प्लेगच्या दिवसांत रुग्ण स्त्रियांची जी हेळसांड होई, ती सरकारच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी वृत्तपत्रातून उघड केली. ईश्वराला भिणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणाचे भय उरत नाही, हेच खरे.

उतारवयात त्यांनी एक प्रचंड काम हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. श्रवणशक्ती क्षीण झाली होती, तरी लेखणी थांबली नाही. १९१२ मध्ये निजामच्या राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी शाळा काढली. तिची मुख्याध्यापिका म्हणून मनोरमा मातेच्या कार्यात सहभागी होती. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा निवर्तली आणि वृद्ध मातेचा अखेरचा आधार तुटला. तशाही स्थितीत भाषांतराचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

केडगावचे मुक्ती सदन आजही चालू आहे. विद्यार्थी मित्रहो, रमाबाईंची सर्वच मते प्रत्येकाला पटावी, असा आमचा आग्रह नाही. आम्ही निरनिराळ्या धर्मांच्या घरांतून या शाळेत येतो आणि प्रत्येकाच्या घरी देवाचे नाव निराळे असते. परंतु आज रात्री निजण्यापूर्वी दिवसाचा हिशेब त्याच्यापुढे खरेपणाने मांडणे सर्वांनाच शक्य आहे. अंध पित्याने ज्याच्या हाती आपली लेक सोपविली, त्याला तिने आयुष्यभर खोटा हिशेब दिला नाही. एवढे जरी आम्हांस साधले, तरी या थोर स्त्रीचे चरित्र आम्ही खऱ्या अर्थाने वाचले असे होईल.