देवगंधर्व भास्करबुवा बखले

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांस सादर करावे, असा आमचा मानस असतो. यंदा आम्ही गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे पुण्यस्मरण करीत आहोत. रसिकांनी ज्यांना देवगंधर्व म्हणून गौरविले, त्यांची योग्यता मोठी होतीच. परंतु ती त्यांनी किती कष्टाने मिळविली, हे आमच्या तरुण पिढीने ध्यानी घ्यावे, हा आमचा मुख्य हेतू आहे.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. बालवयातच त्यांच्या गोड गळ्याने किर्लोस्कर नाटक मंडळीचे लक्ष वेधले आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका करून त्यांनी कीर्ती मिळविली. बीनकार बंदे अली खाँसाहेबांसारखे थोर गुणीजनही त्या गळ्यावर लुब्ध झाले. परंतु दैवगती विचित्र असते. वयात येताच आवाज फुटला, आणि ज्या गळ्यासाठी कौतुक होत होते तोच गेल्यावर रंगभूमीवरील स्थानही गेले. दुसरा एखादा खचून गेला असता. बुवांनी मात्र पहिल्यापासून विद्या मिळविण्याचा निश्चय केला.

बडोद्यास फैज महंमद खाँसाहेबांच्या सेवेत राहून त्यांनी ग्वाल्हेरची शिस्त आत्मसात केली. पुढे आग्ऱ्याचे नत्थन खाँ आणि नंतर अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. स्वतः नावारूपास आल्यावरही नव्या गुरूपुढे शिष्य म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विद्या घेताना त्यांनी जात पाहिली नाही, आणि त्या उस्तादांनीही देताना ती पाहिली नाही. ज्ञातिसंस्थेच्या या पानांतून ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो.

१९११ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापन झाला. गायन हा कुलीन घरांतील मुलांनी टाळावयाचा विषय आहे, असा समज त्या काळी दृढ होता. तो दूर करून रीतसर शिक्षणाची सोय करणे हे एखादी मैफल जिंकण्याहून अवघड काम होते.

१९१६ हे साल तर आपल्या संगीताच्या इतिहासात विशेष म्हटले पाहिजे. त्या वर्षी मार्च महिन्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, पंडित भातखंडे यांच्या परिश्रमाने, बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुती, राग आणि स्वरलेखन यांवर तेथे विद्वानांनी व गवयांनी एकत्र बसून ऊहापोह केला. शास्त्राची चर्चा अशी चालू असतानाच, त्याच वर्षाच्या डिसेंबरात गंधर्व नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली देणारे भास्करबुवाच होते. यमन, भूप, भीमपलास, बिहाग असे राग आणि त्यांतील घरंदाज बंदिशींची वळणे बालगंधर्वांच्या रुक्मिणीच्या मुखातून सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ज्यांना दरबारी मैफलीचे दार कधीच उघडले नसते, ते घरी जाताना रागदारी गुणगुणू लागले. परिषदेने विद्वानांस एकत्र आणले. नाटकाने विद्या घरोघरी नेली. रंगभूमीच्या संगतीने शास्त्र हलके होईल, अशी भीती बाळगणाऱ्यांना याहून समर्पक उत्तर कोणते द्यावे?

१९२० साली ‘द्रौपदी’ नाटकासही बुवांनी संगीत दिले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, गोव्याच्या ताराबाई शिरोडकर आणि पंजाबचे दिलीपचंद्र वेदी अशी त्यांची शिष्यमंडळी पाहिली म्हणजे त्यांच्या औदार्याची कल्पना येते. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यास, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकण्याचे भाग्य आम्हांस लाभले नाही. शिष्यपरंपरेतूनच त्यांची ओळख आम्ही करून घेतो. आमच्या कुटुंबांतील एखाद्या मुलास अथवा मुलीस गाण्याची ओढ असेल, तर आईबापांनी ती छंद म्हणून सोडून देऊ नये, योग्य गुरूच्या पायाशी न्यावी. आणि पहिल्या अपयशाने ते मूल हिरमुसले, तर आवाज गेल्यावर नव्याने विद्यार्थी झालेल्या या महापुरुषाची कथा त्यास सांगावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.