जिद्दीला जोड नियोजनाची

१९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून भीमराव आंबेडकरांना मायदेशी परतावे लागले. अशा प्रसंगी अनेकांचे शिक्षण कायमचेच सुटते. आंबेडकरांनी मात्र चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असता त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्यही लाभले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

नुसत्या जिद्दीवर शिक्षण तडीस जात नाही, हा धडा बाबासाहेबांनी पुढे संस्थारूपाने गिरविला. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वानवा असताना, १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाच्या परिसरात वर्गांच्या जोडीला वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाला निवारा मिळाला.

अभ्यासातून मन उडालेल्या विद्यार्थ्याला उपदेश पुष्कळ मिळतो. पुढील चार वर्षांचा हिशेब त्याच्यासोबत बसून मांडणारा शिक्षक मात्र क्वचितच भेटतो. बाबासाहेबांच्या चरित्रातून शाळा-महाविद्यालयांनी घ्यावयाचा बोध हाच आहे.