हातात खराटा, डोक्यावर गाडगं : नाशिकच्या धर्मशाळेमागचे गाडगेबाबा

द्वारका (नाशिक) : सिन्नरकडून येणारा पुणे रोड आणि ओझर-पिंपळगावकडून येणारा आग्रा रोड द्वारका चौकात एकत्र येतात. कामानिमित्त शहरात येणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या माणसाला हा चौक पाठ आहे. इथून गोदावरीकडे गेलं की गाडगे महाराज पूल लागतो. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्या नावाच्या माणसानं काय केलं हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नसतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले, मग आई मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. डेबू मामाच्या शेतात राबला, गुरं राखली. शाळा काही नशिबात नव्हती. पुढं मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कर्ज काढून सण-लग्न करू नका, हे बाबा जन्मभर सांगत राहिले, ते उगाच नाही.

मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटण दिलं नाही, गोडाचं जेवण घातलं. तेव्हा भाऊबंद नाराज झाले होते. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं.

अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. डोक्यावर मातीचं गाडगं, भूक लागली की त्यातच भाकरी. गावात शिरले की कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचे. कुणाची लाकडं फोडून द्यायची, कुणाचं ओझं उचलायचं, आणि त्याच्या बदल्यात भाकरी मागायची. फुकट खाणं त्यांना मान्य नव्हतं. झाडणारा बुवा बघून गावकरीही खराटे घेऊन निघायचे. रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे काय, लोकांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. बोकड कापू नका, शिवाशीव पाळू नका, घरातली भांडी विकावी लागली तरी पोरांना शिकवा, असं सांगायचे. पाया पडू द्यायचे नाहीत.

लोकांनी दिलेल्या पैशाला मात्र त्यांनी स्वतःसाठी हात लावला नाही. ऋणमोचनला पूर्णेचा घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इथं धर्मशाळा झाल्या, अन्नछत्रं झाली, गोरक्षण झालं. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या हे खरं, पण बाबांवरचा विश्वास बसला तो खराट्यामुळं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

घरच्यांच्या वाट्याला काय आलं? ही गोष्ट वाचताना जीव हळहळतो. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण बायको कुंताबाई झोपडीतच राहिल्या. लोकांच्या पैशावर घरच्यांचा हक्क नाही, हा बाबांचा हिशेब. एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. कुंताबाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. 2000 साली राज्यात त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच गावांत पहिल्यांदा पाटील, सरपंच आणि मजूर एकाच रस्त्यावर खराटा मारताना दिसले.