सगळ्यात वाईट सिलेक्शन कोणतं?

सुट्टीत रूममेटच्या गावी, जव्हारजवळच्या वावरला गेलो होतो. रात्री अंगणात वाद पेटला: सिलेक्टर्सची सगळ्यात मोठी चूक कोणती? कुणी म्हणालं, २०११ च्या वर्ल्ड कपला रोहितला वगळलं ती. कुणी म्हणालं, २०१९ ला रायुडूला.

मी नाव घेतलं बाळू पळवणकरांचं. सगळे गप्प! मलाही कॉन्व्हेंटमध्ये हे नाव कुणी सांगितलं नव्हतं.

१८७६ साली चांभार कुटुंबात जन्म. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिचची कामं करता करता, साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकत ते डावखुरे स्पिनर झाले. हिंदू संघाने घेतलं, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट्स काढल्या, तरी हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायलाच नकार दिला. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू १९५५ मध्ये वारले.

रोहित-रायुडूच्या वेळी अंदाज चुकला असेल. इथे तर सगळं माहीत असून केलं होतं.

सकाळी टीम पाडताना रूममेटने आधी विचारलं, बॉलिंग सगळ्यात भारी कुणाची? त्यालाच कॅप्टन केलं.