पुढे शंभर, उजवीकडे नव्वद

29 फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाची एक गंमत असते. त्याचा खरा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो. या हिशेबाने सेमूर पेपर्ट गेले तेव्हा त्यांचे जेमतेम बावीस वाढदिवस झाले होते. म्हणजे माझ्याच वयाचे! लहान मुलांच्या हातात कॉम्प्युटर आणि रोबो द्यायचं वेड ज्या माणसाने जगभर नेलं, त्याला हे कॅलेंडर शोभतंच.

तुमच्यापैकी कुणी शाळेत रोबोटिक्सचा किट जोडला असेल, कुणी स्क्रॅचवर मांजर नाचवलं असेल. कुणाच्या धाकट्या भावंडाची शाळा परदेशातल्या शाळेशी जोडलेली असेल आणि दोन्हीकडची पोरं मिळून एकच रोबो चालवत असतील. या सगळ्याच्या मुळाशी गेलात की हे दाढीवाले गृहस्थ भेटतात.

जन्म 1928 चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. वडील कीटकशास्त्रज्ञ. छोट्या सेमूरला नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून मोटारींचं वेड. गाडीच्या भागांची नावं तोंडपाठ. त्यातही त्याचा जीव जडला तो डिफरन्शियल गिअरवर. हा प्रकार तुमच्या गल्लीतल्या रिक्षातही असतो. रिक्षा वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना ताकद एकाच इंजिनाकडून येते, तरी दोघं वेगवेगळ्या वेगाने फिरतात. ही वाटणी डिफरन्शियल करतो. सेमूर गोल वस्तू घेऊन दातेरी चाकं फिरवल्याचा खेळ खेळायचा. पुढे शाळेत पाढे आले तेव्हा डोक्यात चाकंच फिरायची. दोन चलांची समीकरणं आली तेव्हा त्यात त्याला जुना मित्र डिफरन्शियल दिसला. गणिताशी त्याची गट्टी जमली ती अशी, गॅरेजच्या दारातून.

मोठेपणी पेपर्टनी यावर खूप विचार केला. आपल्याला गिअर आवडायचे म्हणून गणित सोपं गेलं, हे त्यांना कळलं होतं. मग सगळ्या मुलांना गिअर वाटायचे का? तसं केलं तर तो आणखी एक सक्तीचा विषय होईल आणि पोरं त्याचाही तिरस्कार करतील. प्रेम वाटता येत नाही. पण ज्याला हवं ते रूप घेईल अशी एखादी वस्तू असली तर? एकीसाठी ती चित्र काढेल, दुसऱ्यासाठी गाणं वाजवेल, तिसऱ्यासाठी गाडी होईल. अशी वस्तू त्यांना पुढे कॉम्प्युटरमध्ये सापडली.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती नसती तर पेपर्ट बहुधा विद्यापीठातले हुशार गणिती म्हणूनच राहिले असते. ज्या देशात ते वाढले तिथे कुणी काय शिकायचं हे कातडीच्या रंगावर ठरायचं. शाळकरी वयातच सेमूरने घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढायची खटपट केली आणि मोठ्यांचा विरोध ओढवून घेतला. पुढे विटवॉटर्सरँड विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि गणित शिकताना ते वर्णभेदविरोधी चळवळीत होते. 1954 मध्ये त्यांनी देश सोडला. नंतर केंब्रिजला गणितातली दुसरी पीएचडी केली. हो, दुसरी. एका पीएचडीच्या गाईडला कंटाळलेल्या आपल्या सीनिअर्सनी हे वाक्य वाचूच नये.

1958 मध्ये ते जिनिव्हाला झां पियाजे यांच्याकडे गेले. पियाजे म्हणजे मुलं विचार कसा करतात याचा आयुष्यभर अभ्यास केलेला माणूस. मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे, ते स्वतःच्या समजुती स्वतः बांधत असतं, हे त्यांचं म्हणणं. पेपर्ट तिथे पाच वर्षं राहिले आणि मग अमेरिकेत एमआयटीत पोहोचले. तिथे मार्विन मिन्स्की यांच्यासोबत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा चालवली. एआय हा शब्द आपण आता चहाबरोबर घेतो, हे दोघं तेव्हा त्याचा पाया खणत होते. पण पेपर्टचं मन मशीनला हुशार करण्यात पुरतं रमलं नाही. त्यांना मुलांकडे परत जायचं होतं.

1967. कॉम्प्युटर अजून खोलीभर जागा खाणारा, किंमत डोळे पांढरे करणारी. अशा काळात वॉली फॉयर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि पेपर्ट यांनी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली, तिचं नाव लोगो. 1968-69 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लेक्सिंग्टनमधल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना ती वर्षभर शिकवली. शाळेत टाइपरायटरसारखं टर्मिनल, कॉम्प्युटर भलतीकडे, मधे टेलिफोनची तार. मुलं शब्दांचे खेळ आणि गमतीशीर वाक्यं बनवणारे प्रोग्रॅम लिहायची. लोगोत तोवर कासव नव्हतंच!

कासव लवकरच आलं. चाकांवर चालणारा, घुमटासारख्या पाठीचा एक रोबो, पोटात पेन. नाव टर्टल, कारण ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या यांत्रिक कासवांची ती आठवण होती. जमिनीवर मोठा कागद अंथरायचा, कासव ठेवायचं आणि आज्ञा द्यायची. पुढे 100, उजवीकडे 90. हेच चार वेळा केलं की कागदावर चौकोन.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर आता त्रिकोण काढा. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे पाठ असतं. म्हणून मूल लिहितं: पुढे 100, उजवीकडे 60, असं तीनदा. कासव निघतं आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन काढून उभं राहतं. आता? पेपर्टचं उत्तर असं की उठा आणि स्वतः कासव व्हा. खोलीभर चाला. सरळ गेलात, कोपऱ्यावर आलात, आता किती वळायचं? चालून बघितलं की पायांना कळतं की कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतं. 180 मधून 60 गेले, 120. तीनदा 120 म्हणजे 360. चौकोनात चारदा 90, तेही 360. कुठलीही आकृती पुरी करून कासव जिथून निघालं तिथे त्याच दिशेला तोंड करून आलं की सहसा एक पूर्ण गिरकी झालेली असते. मग पोरांपैकी एखादं विचारतं, प्रत्येक वेळी एकच पाऊल आणि एकच अंश वळलं तर? तसं 360 वेळा केलं की वर्तुळ. आपण हेच दहावीच्या भूमितीत प्रमेय म्हणून घोकलं होतं, आठवतंय?

माझ्या मते कासवापेक्षाही मोठी गोष्ट त्या अर्ध्या षटकोनात आहे. वहीत उत्तर चुकलं की लाल शाईची फुली येते आणि विषय संपतो. इथे मात्र फुली मारायला कुणी नाही. कासव चुकीचं चाललं म्हणजे प्रोग्रॅममध्ये बग आहे, तो शोधायचा. मुलीला कुणी ढ म्हणत नाही, ती स्वतःलाही म्हणत नाही. ती फक्त दुसरी ओळ बदलते. सगळ्या जगाने ज्यांना तुला जमणार नाही असं सांगून ठेवलेलं असतं, त्या मुलांसाठी हा केवढा फरक आहे, हे जोहान्सबर्ग बघून आलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागलं नसणार.

1980 मध्ये त्यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक आलं आणि लोगो घराघरांतल्या छोट्या कॉम्प्युटरवर पसरली. त्या पुस्तकात ब्राझीलच्या सांबा स्कूलचा दाखला आहे. कार्निव्हलसाठी तिथे लहानथोर एकत्र नाचतात, नवखा अनुभवी माणसाशेजारी उभा राहून शिकतो, तासाची घंटा कुणी देत नाही. तुम्ही गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव केला असेल, तर वेगळं स्पष्टीकरण नको. तिथे हजेरीसाठी कुणी येत नाही. बोटं सोलवटतात, तरी दुसऱ्या दिवशी सगळे हजर. गणित असं शिकता येईल का, हा पेपर्टचा प्रश्न.

बॉस्टनच्या हेनिगन शाळेत 1985 पासून त्यांच्या गटाने हे करून बघितलं. त्यांच्या विद्यार्थिनी इडिट हॅरेल यांनी चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवले नाहीत. अपूर्णांक शिकवणारं सॉफ्टवेअर धाकट्यांसाठी लोगोत बनवा, असं काम दिलं. दुसऱ्याला शिकवायचं म्हटल्यावर काय होतं हे परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर कुणाला समजावलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच सुमारास डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे प्रमुख केल्ड कर्क क्रिस्टियनसेन यांनी पेपर्टना टीव्हीवर बघितलं आणि दोघांचं सूत जुळलं. लेगोच्या विटांना मोटर आणि सेन्सर जोडून मुलं लोगोतून त्या चालवू लागली. आधी वायरने कॉम्प्युटरला बांधलेल्या, मग विटेतच छोटा कॉम्प्युटर. 1998 मध्ये लेगोने हा संच बाजारात आणला आणि नाव दिलं माइंडस्टॉर्म्स, पेपर्टच्या पुस्तकावरून. त्याच वर्षी फर्स्ट लेगो लीग सुरू झाली. दरवर्षी एक विषय, सगळ्यांना सारखीच चटई, सारखीच कामगिरी, आणि देशोदेशींचे संघ आपापला रोबो घेऊन हजर. दोन देशांतल्या शाळांची जोडी लावायची तर पत्रमैत्री दोन पत्रांत आटपते. रोबोचं तसं होत नाही. इकडचा रोबो वळणावर का अडकतो हे तिकडच्या मुलीला खरंच जाणून घ्यायचं असतं, कारण तिचाही तिथेच अडकलेला असतो.

परदेशात नेण्याचा अनुभव मात्र सगळीकडे सारखा गोड नव्हता. 1982 च्या सुमारास फ्रेंच सरकारने पॅरिसमध्ये जागतिक कॉम्प्युटर केंद्र काढलं, पेपर्ट तिथे गेले, सेनेगलच्या डकारमध्ये मुलांबरोबर काम सुरू झालं. पण पॅरिसमधल्या राजकारणात ते फार टिकले नाहीत. उलट कोस्टा रिका बघा. 1948 मध्ये सैन्य बरखास्त केलेला हा छोटा देश. 1988 मध्ये तिथल्या ओमर देंगो फाउंडेशनने सरकारी प्राथमिक शाळांत लोगो आणली आणि पेपर्टची मंडळी मदतीला होती. तिथे सगळ्यात आधी शिक्षकांना शिकवलं. आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेल्या बाई स्वतः कासव चालवायला शिकल्या, अडखळल्या आणि मग वर्गात गेल्या. तो कार्यक्रम पुढे अनेक वर्षं चालला.

टीका झाली का? भरपूर. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात तपासलं, तेव्हा लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनक्षमता इतरांपेक्षा वाढलेली दिसली नाही. पेपर्ट चिडले. त्यांचा मुद्दा असा की तुम्ही यंत्राची परीक्षा घेताय, यंत्राभोवतीच्या वर्गाची नाही. घरात तबला आणून ठेवला म्हणून पोराला ताल येतो का, असं आपण म्हणू. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. कारण पुढे त्यांच्याच पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणाऱ्या मोहिमेत यंत्रं पोहोचली आणि वर्ग तसेच राहिले, असं बऱ्याच ठिकाणी झालं.

1999 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी सगळ्यात अवघड जागा निवडली. मेन राज्यातलं किशोरवयीन गुन्हेगारांचं सुधारगृह. शाळेने केव्हाच सोडून दिलेली मुलं. पेपर्टनी तिथे लेगो आणि कॉम्प्युटर मांडून कार्यशाळा उघडली. पाठ्यपुस्तक नाही, तास नाहीत. काहीतरी बनवा, चालेपर्यंत दुरुस्त करा. तीनेक वर्षं हे चाललं. कीर्ती, पैसा, परिषदा सगळं हाताशी असताना या वयात तिथे जाऊन बसणं, हा त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग.

डिसेंबर 2006 मध्ये गणित शिक्षणाच्या एका परिषदेसाठी ते व्हिएतनामला, हनोईला गेले. तिथली मोटरसायकलींची गर्दी बघून त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. सिग्नल न जुमानता हे सगळे एकमेकांना चुकवतात कसे, याचं गणिती मॉडेल करता येईल का, यावर ते सहकाऱ्याशी बोलत होते. रस्ता ओलांडताना त्यांना मोटरसायकलने उडवलं. मेंदूला जबर मार, दीर्घ बेशुद्धी, शस्त्रक्रिया. ते जगले, पण पूर्वीसारखं बोलणं, लिहिणं परत आलं नाही. शिकण्याबद्दल आयुष्यभर बोललेला माणूस उरलेली वर्षं पुन्हा शब्द शिकण्याच्या खटपटीत होता.

ते अंथरुणात होते त्या 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यात, एकशिक्षकी शाळेत, ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. केंद्र सरकारने वर्षभर आधी या योजनेला नकार दिला होता, तरी भारतातला हा पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस पोरं, प्रत्येकाच्या हातात एक. पेपर्टना ती शाळा बघता आली नाही. 31 जुलै 2016 ला मेनमध्येच ते गेले.

त्यांचं कासव आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. पायथन टाकलेलं असेल तर वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही, ‘टर्टल’ नावाचं मॉड्यूल सोबतच येतं. सबमिशनमधून दहा मिनिटं काढा, ते उघडा, आधी चौकोन काढा. मग त्रिकोण. आणि 60 लिहिलंत तर लगेच पुसू नका, कासव कुठे जाऊन थांबतं ते बघा.