संत बखिताचा नकार

८ फेब्रुवारीला आपण संत जोसेफिन बखिता हिचा सण पाळतो. सुदानमधील दारफुर भागात १८६९च्या सुमारास जन्मलेल्या ह्या मुलीला लहानपणीच पळवून विकण्यात आले. भीतीने ती स्वतःचे नावसुद्धा विसरली. बखिता, म्हणजे भाग्यवान, हे नाव पळवणाऱ्यांनी दिलेले. केवढी ही थट्टा! एका मालकाच्या घरी तर तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरून जखमांत मीठ चोळले.

१८८५ मध्ये ती इटलीत आली आणि एका कुटुंबातील छोट्या मुलीला सांभाळू लागली. मालकीण सुदानला गेली तेव्हा ह्या दोघी व्हेनिसमध्ये कनोसा धर्मभगिनींकडे राहिल्या. (माहीमच्या शाळेमुळे आपल्याला परिचित असलेला हाच तो संघ.) तिथे बखिता धर्मशिक्षण घेऊ लागली.

मालकीण न्यायला परतली तेव्हा विशीतल्या बखिताने जायला साफ नकार दिला. मालकीण रागावली, विनवू लागली. जिला जिवापाड जपले ती छोटीही आता दुरावणार होती. हे दुःख तिला वस्तऱ्यापेक्षा जड गेले असावे, असे आम्हाला वाटते. तरी ती ढळली नाही. इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही, म्हणून ती स्वतंत्रच आहे, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी झाला.

९ जानेवारी १८९० रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. मग कुठे जायचे हे तिचे तिनेच ठरवले: ती त्याच धर्मभगिनींत राहिली. स्कीओ गावच्या मठात तिने स्वयंपाक केला, शिवणकाम केले, दाराशी येणाऱ्यांचे स्वागत केले. १९४७ साली तिथेच तिने देह ठेवला.